थोरलीच्या पोटात काकवी

गुरु. ४ जाने. १९९६

अण्णा न सांगता कोडोलीला आले. स्कूटर दारात लावली, चप्पल न काढताच बोलायला सुरुवात. थोरला भाऊ कोल्हापुरातलं, शाहूपुरीतलं भुसारी दुकान टाकून भर दुपारी येतो म्हणजे विषय एकच. ट्रक. गाडी त्यांच्या नावावर, चालवतो मी. गेल्या महिन्यात परत रज्जाकमिस्त्रीकडे काम निघालं, ते त्यांच्या कानावर गेलेलं.

"बसू, ही गाडी न्हाई. मिस्त्रीची लेक हाय. सारखी म्हायेरी जातीया."

हुकूम असा: पाडव्यापर्यंत मिस्त्रीकडे जायचं नाही. गाडी एकदा जरी उद्यमनगरात त्याच्या गॅरेजपाशी दिसली, तर विकली म्हणून समज. मग मी त्यांच्या दुकानात तराजूपाशी बसायचं. शेंगदाणे, हरभरा डाळ, गिऱ्हाइकाला "या की ओ वैनी."

मी! तराजूपाशी!

महानंदा ट्रकला "थोरली" म्हणते. लग्नाच्या आधी घरात आली म्हणून ती थोरली बायको, आणि ही धाकटी. अण्णा गेल्यावर म्हणाली, "बसा की दुकानात. जेवायच्या वक्ताला घरात तरी दिसशीला." मी जाऊन थोरलीच्या केबिनमध्ये बसलो जरा वेळ. माझं तिथंच बरं असतं.

ऑइल बदलायला आलंय. ठरवलं, मीच बदलणार. त्यात काय एवढं? खालनं सोडायचं, वरनं ओतायचं.

शुक्र. ५ जाने.

गुळाची खेप मार्केट यार्डात उतरवली. येताना ऑइलचे दोन डबे घेतले. तिसरा घरात आहे, मागच्या वेळचा.

शाहूपुरीत वहिनींना काकवी पोचवली. सासऱ्यांच्या गुऱ्हाळातली यंदाची पहिली. मामा दर वर्षी दोन्ही घरांना पाठवतात, तीही माझ्याच ऑइलच्या रिकाम्या डब्यांत. (डबे मीच देतो. पत्रा चांगला असतो, भंगारात कशाला घालायचा. मामी राख लावून, उकळत्या पाण्यानं धुऊन घेतात.) आमची बरणी भरून झाली, वहिनींचा डबा फळीखाली ठेवलेला. सकाळी निघताना महानंदा आतनं ओरडली, "विभूतीचं पट्टं वडल्याला डबा न्ह्या, दुसरा नगं!" पहिल्या काकवीला मामा विभूती लावतातच. पट्टे नीट बघूनच उचलला.

वहिनी खूश. "भावजी, तुमच्या सासऱ्यांच्या काकवीगत काकवी कुटं मिळत न्हाई." चहा झाला. अण्णा दुकानात होते, भेट घेतली नाही.

शनि. ६ जाने.

ऑइल बदललं!! स्वतः. एकट्यानं.

खालचा नट सुटेना, पान्यावर उभा राहिलो तेव्हा सुटला. जुनं ऑइल निम्मं घमेल्यात, निम्मं माझ्या बाहीत. दोन डबे ओतले, तरी ऑइल मोजायच्या पट्टीवर खूण येईना. म्हटलं पन्हाळा रोडच्या दुकानातनं आणखी एक आणतो, तर महानंदा आडवी.

"शनिवारी त्याल आणत्यात व्हय घरात?"

"खायचं न्हाई गं, इंजिनचं हाय."

"शनी काय डबा उघडून बगतोय?"

तिच्याशी वाद घालण्यापेक्षा नट सोडणं सोपं. फळीखालचा डबा आठवला. त्यावरही विभूतीचे पट्टे होते. खंडेनवमीला मीच ओढलेले. दर वर्षी गाडीचं सगळं सामान पूजतो, जॅक, पाने, ऑइलचा डबा, एकही सोडत नाही. तो ओतला. जरा सावकाश उतरत होतं, पण थंडीत ऑइल घट्ट होतंच. पट्टीवर खूण बरोबर आली.

महानंदा म्हणाली, नवं तेल घालून शनिवारी चालू करू नका, उद्या करा. एवढं ऐकलं तिचं. एक दिवसानं काय बिघडतंय.

रज्जाकभाई, आता तुमची गरज नाही. लई बरं वाटतंय आज.

रवि. ७ जाने.

मुंग्या.

सकाळी नारळ घेऊन थोरलीपाशी गेलो, तर जोत्यापासून पुढच्या चाकापर्यंत काळी रेघ. चाकावरून वर. बॉनेट उघडलं, तर सगळी यात्रा ऑइल ओतायच्या झाकणापाशी जमलेली. नुसती गर्दी. मी बघतच राहिलो. ऑइलला मुंग्या?

महानंदाला हाक मारली. तिनं झाकणाच्या कडेला बोट लावलं आणि माझ्या देखत चाटलं.

"अवो, ही तर बाबांची काकवी!"

जिनं शनिवार म्हणून गाडी चालू करू दिली नाही, तिच्या पाया पडावंसं वाटलं. चालू केली असती तर आत पाक होऊन सगळं धरून बसलं असतं. मग इंजिन म्हणजे शेंगदाण्याची चिक्की. पडलो नाही पाया. ती हसत होती. पदर तोंडात घालून, भिंतीला टेकून.

तीच तारीख, संध्याकाळी

आत्ता भाकरी खाताना उजेड पडला. काकवी इंजिनात गेली.

मग वहिनींना मी काय दिलं?

भाकरी खाली ठेवली. महानंदाला सांगितलं. ती हसायची थांबली, म्हणजे प्रकरण मोठं आहे.

सोम. ८ जाने.

दोन कामं. (१) काकवी बाहेर काढणे. (२) वहिनींच्या स्वयंपाकघरातनं ऑइल बाहेर काढणे. आणि दोन्ही अण्णांना न कळता. कळलं की तराजू.

आधी पहिलं. खालचा नट सोडला. काकवी जड, ती तळाशी. वरचं ऑइल तिच्यावर बसून राहिलेलं. सुतळीएवढी धार, तीही थांबत थांबत. गाडीखाली उताणा पडून बघत बसलो. कुत्रं येऊन घमेलं चाटून गेलं. परत आलं नाही, म्हणजे चव पसंत पडली नसावी.

दुपारी एसटीडी बूथवरनं रज्जाकमिस्त्रीला फोन. (फोन करणं म्हणजे जाणं नव्हे.) विचारलं, माझ्या एका ओळखीच्या माणसानं चुकून इंजिनात काकवी घातलीय, काय करावं?

त्यानं ते माझ्याकडनं दोनदा वदवून घेतलं. मग, "बसू, त्या मानसाला म्हणावं, आता वरनं दूध घाल आन् बासुंदी कर."

हसून झाल्यावर म्हणाला, डिझेलनं धू.

गुळाची खेप आज चुकली. शेतकऱ्याला सांगितलं, पंक्चर आहे.

मंगळ. ९ जाने.

डिझेल ओतलं, सोडलं. परत ओतलं, सोडलं. शेवटी आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं. मला वाटलं, झालं काम. भोकातनं बोट घालून बघितलं, बोट चिकटलं. चिकटलं म्हणजे काढायला जोर लागला.

महानंदा दारात भांडी घासत होती. म्हणाली, "काकवीचं भांडं मी कदी डिझेलनं धुतल्यालं बगितलंय काय तुमी?"

"मग?"

"ऊन पाणी घाला की."

इंजिनात पाणी! हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पाणी गेलं म्हणून माणसं इंजिन खोलतात, आणि हिला मुद्दाम घालायचंय. मी म्हटलं, ते इंजिन आहे, कढई न्हवं. ती म्हणाली, "काकवीला काय ठावं, ती कुटं पडलीया?"

मी परत डिझेलच ओतलं.

शेतकरी येऊन चाकं बघून गेला. "कुटलं पंक्चर झालंतं ओ?" म्हणून विचारलं. मागचं आतलं म्हटलं.

बुध. १० जाने.

चेंबर खोलला. इंजिनखालचं ऑइलचं पातेलंच ते, एवढे नट असतील असं वाटलं नव्हतं. पॅकिंग फाटलं. तळाला बोटभर काकवी, घट्ट. खरवडली.

मग न्हाणीघरातला बंब पेटवला. सांगायला लाज वाटते, पण महानंदाचंच ऐकलं. हात जोडून पहिला तांब्या वरनं ओतला. खाली तांबूस पाणी आलं. दुसरा, तिसरा. प्रत्येक तांब्याला पाणी फिकं होत गेलं, आणि वास! सगळी आळी गुऱ्हाळासारखी घमघमली. शेजारच्या काकू वाटी घेऊनच आल्या.

"बसू, गुऱ्हाळ घातलंस व्हय रं दारात?"

महानंदानं आमच्या बरणीतली वाटीभर देऊन त्यांना वाटेला लावलं. मी गाडीखालनं त्यांची पावलं जाईपर्यंत श्वास धरून.

शेवटी पाणी स्वच्छ. बोट घातलं, चिकटलं नाही. लगेच डिझेल मारून पाणी घालवलं, फडक्यानं पुसलं, जिथं हात पोचेना तिथं महानंदाचा हात. तिचा बारीक आहे. कोपरापर्यंत काळी झाली. म्हणाली, "सवतीचं बाळंतपण करायला लागलोय मी." शिव्या दिल्या, पण शेवटपर्यंत थांबली. मला भरून आलं. चहा करून दिला. तो तिनं "पांचट" म्हणून ओतला.

नवं पॅकिंग मिळेना. कोल्हापुरात मागायला गेलो की बातमी अण्णांच्या कानावर. महानंदाच्या पैठणीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. तिला अजून सांगितलेलं नाही.

गुरु. ११ जाने.

काम दोन. मामांकडनं नवा डबा भरून आणलेला. यावर विभूती नाही, मीच नको म्हटलं. एसटीनं शाहूपुरी. अण्णा दुकानात असतील अशा वेळी बरोबर घरात शिरलो.

"वैनी, त्यो परवाचा डबा द्या. काकवी जरा आंबल्यागत झालीया म्हणं. ह्यो नवा घ्या."

वहिनी पीठ मळतच राहिल्या.

"त्यो डबा व्हय? ह्यांनी दुकानात न्हेलाय."

"दुकानात? कशाला?"

"मला काय सांगत्यात ते? यंदाची काकवी जरा येगळीच हाय, एवढं म्हणालं."

"खाल्ली काय अण्णांनी?"

"भाकरी घ्या, भावजी. बसा."

बसलो नाही. दुकानावरनं जाताना पलीकडच्या बाजूनं गेलो. अण्णा गादीवर बसून तराजूचा काटा पुसत होते. वर बघितलं नाही. का बघितलं आणि मला दिसलं नाही?

वेगळीच म्हणजे काय? कळलं असतं तर एव्हाना स्कूटर दारात आली असती. अण्णांचं असं आहे, खोटं बोलत नाहीत, पण विचारल्याशिवाय खरंही सांगत नाहीत. धंद्याची सवय. मी काही विचारणार नाही.

शुक्र. १२ जाने.

चेंबर चढवला. नवं ऑइल. या वेळी प्रत्येक डबा महानंदानं हुंगून पास केला.

सेल्फ मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्याला थोरली बोलली.

पहिला धूर पांढरा आणि वास गुळाचा. मग साफ. कान लावून ऐकत राहिलो, कुठं खटखट नाही, काही नाही. इतकी मऊ तर नवी असतानाही चालली नसेल. खाली उतरलो तर डोळ्यांत पाणी. महानंदाला म्हटलं, धूर गेला. ती म्हणाली, "व्हय, व्हय. धूरच त्यो."

संध्याकाळी चुकलेली खेप मारली. पन्हाळ्याकडच्या चढावर एकदाही तिसऱ्या गिअरच्या खाली आली नाही. मी मिस्त्रीकडे गेलो नाही. गाडी चालतेय. आता कुठला तराजू?

रवि. १४ जाने.

काय लिहू.

सकाळी अण्णा आले. मागच्या सीटवर एक पावणं, जयसिंगपूरचे. पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. गाडी बघायला! मी अण्णांना बाजूला घेतलं. म्हटलं, पाडव्यापर्यंत म्हणाला होता.

"बगायला काय हुतंय? बगू दे की."

पावण्यांनी चाकं बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले, चालू करा म्हणाले. पहिल्या सेल्फला चालू. (आजच कशाला?) त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाले, "मशीन लई गोड चालतंय ओ."

महानंदाला ठसका लागला.

"वास बी गुळाचा येतोय."

"गूळच वाहतोय आमी," अण्णा म्हणाले.

पावण्यांना गाडी पसंत. बसून बोलू म्हणाले. आणि मला समोर तराजूच दिसायला लागला. जी गाडी वाचावी म्हणून आठवडाभर तिच्या खाली लोळलो, ती चांगली झाली म्हणूनच चालली! मग तोंडातनं निघून गेलं.

"पावणं, ह्या इंजिनात मी काकवी घातल्याली हाय."

पावणे हसले. "इकायची नसली की आमचा भाऊ बी असंच कायतरी सांगतोय."

"आईशप्पथ. डबाभर घातली. मुंग्या लागल्यावर कळलं."

आणखी हसले. अण्णाही हसले, पण दातांनी. जे कुणाला कळू नये म्हणून एवढं केलं, ते ओरडून सांगतोय आणि कुणाचा विश्वास नाही! महानंदा पुढं आली. "मी चाटून बगितलीया. इंजिन मीच धुतलंय, ऊन पाण्यानं." पावणे म्हणाले, "वैनी, तुमी बी सामील व्हय?"

मग अण्णांकडे वळले. "काय ओ, खरं काय?"

विचारलं. सरळ विचारलं. अण्णांच्या कपाळावरच्या विभूतीवर घाम आलेला. मी मनात म्हटलं, अण्णा, नाही म्हणा, तुमचं दुकान आहे, धंदा आहे, म्हणा नाही. आणि त्याच वेळी, म्हणू नका.

अण्णा स्कूटरपाशी गेले. डिकीतनं डबा काढला. पट्टे ओढलेला. पावण्यांच्या नाकापुढं धरला.

"ह्ये आमच्या सैपाकघरात आलतं. काकवी म्हणून. एक घास मी बी खाल्लाय, भाकरीसंगं. मग काकवी कुटं गेली आसंल, बगा तुमीच."

पावण्यांनी वास घेतला. गाडीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. महानंदानं चहा पुढं केला, तर त्यांनी आधी कप हुंगला आणि तसाच खाली ठेवला. गाडी चांगली हाय म्हणाले, पर न्हाई. पर काय, ते सांगितलं नाही. अण्णांच्या स्कूटरवरही बसले नाहीत, एसटी बघतो म्हणून चालत निघाले.

अण्णा जोत्यावर बसले. ओरडतील म्हणून मी तयार.

"मी गप बसणार हुतो. तूच बोंबललास."

"मिस्त्रीकडं गेलो न्हाई, अण्णा."

"फोन केलतास. रज्जाकनं दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलं, आन् हसून हसून माझी शेंगदाण्याची चवड पाडली."

म्हणजे मंगळवारपासनं ठाऊक! मी बंब पेटवत होतो, काकूंना चुकवत होतो, आणि यांना सगळं ठाऊक. राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं.

"मग गाडीचं काय?"

अण्णा उठले. महानंदाच्या हातचा चहा पिऊन (न हुंगता) निघून गेले. डबा तिथंच.

मंगळ. १६ जाने.

अण्णांकडनं निरोप नाही. गप्प अण्णा मला चालत नाहीत. ओरडले की कळतं तरी काय चाललंय.

महानंदाला पैठणीचं खोकं दिसलं. त्यावर लिहीत नाही.

गुरु. १८ जाने.

खेप घेऊन यार्डात गेलो. हमाल विचारतात, "बसू, आज बासुंदी हाय काय?" रज्जाक! दुकानापुढनं गाडी घेऊन गेलो, मुद्दाम सावकाश. अण्णांनी मान वर केली, इंजिनचा आवाज ऐकला, मान खाली घातली. तराजूपाशी दुसरा गडी अजून ठेवलेला नाही. बघितलं मी.

शनि. २० जाने.

अण्णा आले. एकटे. बरोबर पावणं नाही. स्कूटर थोरलीला टेकवून लावली आणि डिकीतनं ऑइलची छोटी बाटली काढली. कालच आणून ठेवलेली म्हणाले, आज शनिवार.

"स्कूटरचं ऑइल बदलायचं हाय."

"शाहूपुरीत एवढं मिस्त्री हाईत, अण्णा."

"त्यांचं काय काम. तूच बदल."

पाना घेतला, खाली बसलो. जुनं सोडलं. बाटली उघडून महानंदाला दिली. तिनं हुंगली, मग अण्णांना दिली. अण्णांनीही हुंगली, आणि खात्री व्हावी म्हणून बोटावर थेंब घेऊन थुंकी लावून चोळून बघितला. माझ्याकडे परत दिली.

ओतता ओतता विचारलंच. "अण्णा, थोरलीचं काय ठरवलंसा?"

"पाडव्याला बगू."

"पाडव्याला विकायची, का ठिवायची?"

"पाडव्याला बगू म्हणालो न्हवं?"

झाकण लावलं, म्हटलं चालू करून बघा. नको म्हणाले, शनिवार आहे, उद्या करू. आज इथंच मुक्काम. मग जोत्यावर पाट मागून घेतला आणि बसले, चहा गार झाला तरी हलले नाहीत. माझ्याकडे बघत नव्हते, थोरलीकडेही नाही. स्कूटरच्या चाकापाशी जमिनीकडे टक लावून, मुंग्या येतायत का ते बघत.